प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा का लागतो?

प्रश्न असा आहे: "शरीराने पूर्वी कधीही न पाहिलेला जंतू आत शिरला, तरी नेमके त्याच्याच विरुद्ध चालणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) शरीर कसे बनवते? आणि ते बनवता येत असेल, तर ताप आल्याबरोबर का बनवत नाही, आठ-दहा दिवस का घालवते?" प्रश्नाचे हे दोन भाग वेगळे वाटतात, पण पहिला नीट समजला की दुसऱ्याचे उत्तर त्यातच सापडते, म्हणून मी दोन्ही एकत्रच घेतो.

बहुतेकांच्या मनात याचे चित्र शिंप्याच्या दुकानासारखे असते. जंतू आला, शरीराने त्याचे माप घेतले आणि त्या मापाचे प्रतिपिंड शिवून दिले. हे चित्र चुकीचे आहे. पण त्याबद्दल कोणी ओशाळण्याचे कारण नाही, कारण लायनस पाउलिंग यांच्यासारख्या दिग्गज रसायनशास्त्रज्ञानेही 1940 मध्ये साधारण असेच मांडले होते. प्रतिपिंडाची लवचीक साखळी जंतूच्या घटकाभोवती दुमडते आणि त्याचाच साचा घेते, असे त्यांचे म्हणणे होते. 1950 च्या दशकात नील्स येर्ने, डेव्हिड टॅलमेज आणि मॅकफार्लेन बर्नेट यांनी हा विचार उलटा केला. जंतू काहीही शिकवत नाही, तो फक्त निवड करतो. शरीरात कोट्यवधी बी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) आधीपासूनच फिरत असतात, प्रत्येकीजवळ एकाच मापाचे प्रतिपिंड असते, आणि आलेल्या जंतूला ज्या पेशीचे प्रतिपिंड योगायोगाने बसते त्या पेशीची पैदास होते. बर्नेट यांनी 1957 मध्ये मांडलेला हा विचार आज सर्वमान्य आहे. म्हणजे आपल्याकडे शिंपी नाही, तयार कपड्यांचे अवाढव्य कोठार आहे, आणि त्यातले बरेचसे कपडे कुणाच्याही अंगाला कधीच न लागता जुने होऊन फेकले जातात.

मग हे कोठार भरले कुणी? माणसाच्या पेशीत प्रथिने बनवणारी जनुके सुमारे 20,000 आहेत, आणि प्रतिपिंड हेही प्रथिनच आहे. एका प्रतिपिंडाला एक जनुक असा हिशेब धरला तर सगळी जनुके खर्ची घालूनही वीस हजारांच्या वर जाता येणार नाही. या कोड्याचे उत्तर सुसुमु टोनेगावा यांनी 1976 मध्ये दिले आणि 1987 चे नोबेल पारितोषिक त्यासाठी त्यांना एकट्यांना मिळाले. उंदराच्या गर्भातील पेशींचा आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींचा डीएनए त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासला, तेव्हा गर्भात एकमेकांपासून दूर असलेले जनुकाचे तुकडे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीत जवळ येऊन जोडलेले आढळले. बी-पेशी अस्थिमज्जेत घडत असताना स्वतःचा डीएनए कापते, मधला भाग टाकून देते आणि उरलेली टोके सांधते. एरवी डीएनए तुटणे ही पेशीच्या दृष्टीने आपत्तीच असते. इथे ती मुद्दाम ओढवून घेतली जाते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. प्रतिपिंडाला दोन जड आणि दोन हलक्या अशा चार साखळ्या असतात. त्यांतल्या दोन जड साखळ्या एकमेकींसारख्या असतात, तशाच दोन हलक्याही. जड साखळीचे जंतूला चिकटणारे टोक तीन तुकड्यांतून जुळते: पहिल्या प्रकारचे कामाचे तुकडे सुमारे 40, दुसऱ्याचे 23 आणि तिसऱ्याचे 6. यांच्यातून एकेक उचलला तर साडेपाच हजार जोडण्या होतात. हलकी साखळी दोन तुकड्यांची असते आणि तिच्या तीनशेच्या वर जोडण्या होतात. दोहोंचा गुणाकार साधारण साडेसतरा लाख. पण खरी गंमत सांध्यावर आहे. तुकडे जोडताना पेशी सांध्यातली डीएनएची काही अक्षरे कुरतडते आणि एक विकर तिथे मनाला येतील ती नवी अक्षरे भरते, त्यासाठी त्याच्यासमोर कोणतीही नक्कल नसते. त्यामुळे साडेसतरा लाखांचा आकडा कितीतरी अब्जांवर जातो. या मोकळेपणाची किंमतही आहे: डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, म्हणून दर तीन सांध्यांपैकी सुमारे दोन सांधे चुकीच्या ठिकाणी पडून निरुपयोगी ठरतात, आणि ज्या पेशीचे सगळे प्रयत्न फसतात ती तिथेच मरते.

अशा आंधळ्या जोडणीतून स्वतःच्याच शरीराला चिकटणारी प्रतिपिंडेही निघणार हे उघड आहे. अशा पेशींना अस्थिमज्जेतच हलकी साखळी बदलून पाहण्याची एक संधी मिळते; तरीही जमले नाही तर त्या नष्ट होतात किंवा निष्क्रिय केल्या जातात. ही गाळणी पक्की नाही. स्वयंप्रतिकार विकारांचे एक मूळ इथे आहे, पण तो स्वतंत्र विषय आहे.

आता प्रत्यक्ष संसर्गाकडे येऊ. पायात काटा मोडला, जखम चिघळली, आणि दोन दिवसांत जांघेत दुखरी गाठ हाताला लागली. याला आपण अवधाण आले असे म्हणतो. रुग्ण ही गाठ म्हणजे आजार पसरल्याची खूण समजून घाबरतो. बहुतेक वेळा तो त्या पायाचा पाणवठा असतो, जिथे सगळे एकमेकांना भेटतात. जखमेतले जंतू आणि त्यांचे तुकडे लसिकेबरोबर, म्हणजे ऊतींतून निघणाऱ्या पातळ द्रवाबरोबर, वाहत, काही भक्षक पेशींच्या पोटातून, जांघेतल्या लसिका ग्रंथीत येतात. दुसऱ्या बाजूने रक्तातून बी-पेशी या ग्रंथीत सतत येत-जात असतात, एरवी काही तास ते एखादा दिवस थांबून पुढे निघतात. संसर्ग झाला की ग्रंथीकडे येणारा रक्तप्रवाह वाढतो आणि बाहेर पडण्याची वाट काही काळ जवळजवळ बंद होते. आत येणाऱ्या पेशी येतच राहतात, बाहेर कुणी पडत नाही. गाठ फुगते ती आधी या गर्दीने.

या गर्दीचे कारण साधे आहे. प्रत्येक बी-पेशीच्या अंगावर तिच्या प्रतिपिंडाच्या सुमारे लाखभर प्रती रोवलेल्या असतात, पण जखमेतल्या जंतूला बसणारी प्रत लाखभर पेशींतून एखादीजवळच असते. ती त्या पायाच्या ग्रंथीत, त्या दिवशी यावी लागते. शोधात एक-दोन दिवस सहज जातात.

पेशी सापडली, जंतूचा घटक तिला चिकटला, तरी काम लगेच सुरू होत नाही, कारण तिला परवानगी लागते. चिकटलेला घटक ती गिळते, आत त्याचे तुकडे करते आणि त्यातल्या प्रथिनाचा एखादा तुकडा पृष्ठभागावर मांडून साहाय्यक टी-पेशीसमोर (पांढऱ्या रक्तपेशींचाच दुसरा प्रकार) जाते. तोच तुकडा ओळखणारी टी-पेशी भेटली, तर ती बी-पेशीला संमती देते. दोन वेगळ्या पेशींनी एकाच जंतूची स्वतंत्रपणे ओळख पटवावी, अशी ही दुहेरी तपासणी आहे, आणि वर सांगितलेल्या कच्च्या गाळणीतून सुटलेल्या पेशींना इथे आणखी एक अडसर लागतो.

या परवानगीचे महत्त्व लहान मुलांच्या लसीकरणात अगदी स्पष्ट दिसले. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणाऱ्या काही जिवाणूंच्या अंगावर शर्करेचे आवरण असते. संरक्षण द्यायचे तर प्रतिपिंडे त्या शर्करेविरुद्धच हवीत, पण टी-पेशीसमोर प्रथिनाचा तुकडा मांडावा लागतो, शर्करेचा चालत नाही. मोठ्या माणसांच्या काही बी-पेशी टी-पेशीच्या मदतीवाचून शर्करेला थोडाफार प्रतिसाद देतात, दोन वर्षांखालील मुलांच्या पेशी मात्र जवळजवळ देतच नाहीत, आणि नेमक्या याच वयात हे आजार सर्वांत घातक असतात. म्हणून निव्वळ शर्करेची लस त्यांच्यात फुकट जात असे. यावरचा तोडगा मला आजही चतुराईचा वाटतो: शर्करा एखाद्या प्रथिनाला, उदाहरणार्थ निर्विष केलेल्या धनुर्वाताच्या विषाला, रासायनिक रीतीने जोडून टाकायची. बी-पेशी शर्करा ओळखून गिळते आणि तिच्याबरोबर प्रथिनही पोटात जाते. टी-पेशीसमोर ती मांडते प्रथिनाचा तुकडा, परवानगी मिळते धनुर्वाताच्या नावावर, आणि प्रतिपिंडे बनतात शर्करेविरुद्ध. हिब आणि न्यूमोकोकस या जिवाणूंविरुद्धच्या संयुग्मी लसी या युक्तीवर उभ्या आहेत.

परवानगी मिळाल्यावर बी-पेशी विभागू लागते. दर बारा तासांनी दुप्पट असा सावध हिशेब धरला तरी एका पेशीच्या पाच दिवसांत हजारावर पेशी होतात. प्रत्यक्षात वेग यापेक्षा बराच अधिक असू शकतो. त्यातल्या काही पेशी तातडीने प्लाझ्मा पेशी बनतात, म्हणजे प्रतिपिंडाचे कारखाने. अस्थिमज्जेच्या स्लाइडवर ही पेशी एकदा पाहिली की विसरत नाही: अंडाकृती, गडद निळी, केंद्रक एका कडेला सारलेले आणि त्याच्या शेजारी फिकट अर्धचंद्र. निळा रंग प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचा, तर फिकट जागा ती बांधून बाहेर धाडणाऱ्या विभागाची. केंद्रकाला मध्यभागी जागाच उरलेली नसते. अशी एक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे बाहेर सोडते. साधी बी-पेशी किरकोळ आकाराची असते. तिच्या आत हा कारखाना उभा व्हायलाही वेळ लागतो.

शोध, परवानगी, पैदास आणि उभारणी यांची बेरीज केली की रक्तात मोजता येतील इतकी प्रतिपिंडे पहिल्या संसर्गात साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापासून दिसू लागतात, आणि पुरेशी पातळी गाठायला दुसरा आठवडा उजाडतो. डेंग्यूच्या तिसऱ्या दिवशी केलेली प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह आली आणि सातव्या दिवशी पॉझिटिव्ह, की प्रयोगशाळेने घोळ घातला असे नातेवाईक म्हणतात. असे वाद मी पुष्कळ वेळा मिटवले आहेत. दोन्ही अहवाल बरोबर असतात. पहिल्या दिवसांत विषाणूचे स्वतःचे प्रथिन शोधणारी एनएस-1 चाचणी करायची असते, कारण विषाणू तेव्हा रक्तात असतो, प्रतिपिंड मात्र अजून ग्रंथीत घडत असते.

सुरुवातीची ही प्रतिपिंडे आयजीएम जातीची असतात. जंतूवरची त्यांची एकेरी पकड सैल असते. पण पाच रेणू एकत्र बांधलेले असल्यामुळे एका आयजीएमला दहा हात मिळतात, आणि सैल पकडीची उणीव संख्येने भरून निघते. खरी सुधारणा पुढे होते. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस काही बी-पेशी ग्रंथीतच वेगळ्या जागी जमून जनन केंद्र उभारतात, आणि तिथे त्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका करू लागतात. या चुकांचा वेग शरीरातल्या नेहमीच्या उत्परिवर्तनाच्या सुमारे दहा लाख पट असतो. शिंप्याचा दाखला पुढे न्यायचा तर कोठारातून काढलेला कपडा आता अल्टर होतो, पण डोळे बांधलेल्या माणसाच्या हातून. बहुतेक कापणीत कपडा बिघडतो, एखाद्या वेळी अधिक बसता होतो. मग त्या पेशींची परीक्षा होते: ग्रंथीत जपून ठेवलेला जंतूचा घटक जी अधिक घट्ट पकडते तिला टी-पेशीची मदत मिळते, बाकीच्या मरतात, आणि निभावलेल्या पुन्हा चुका करायला जातात. अशा फेऱ्या काही आठवडे चालतात. याच दरम्यान प्रतिपिंडाची शेपटी बदलून आयजीएमचे आयजीजी किंवा आयजीए होते. जंतूला धरणारे टोक मात्र तेच राहते.

ही सुधारणा आम्ही निदानासाठी वापरतो. गर्भवतीच्या रक्तात टोक्सोप्लाझ्मा या परजीवीविरुद्ध आयजीएम आणि आयजीजी दोन्ही सापडले, तर संसर्ग गर्भारपणात झाला की आधीचा आहे, हा प्रश्न गंभीर असतो. आयजीएम काही जणांत महिनोनमहिने टिकते, त्यामुळे ते सापडले म्हणजे संसर्ग ताजा, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. तेव्हा आयजीजीची पकड मोजतात. पकड घट्ट असेल, तर जनन केंद्रातल्या फेऱ्या होऊन गेल्या आहेत आणि संसर्ग निदान तीन-चार महिन्यांपूर्वीचा आहे. पकड सैल असली तर मात्र निष्कर्ष काढताना जपावे लागते, कारण काहींची पकड घट्ट व्हायला फार उशीर लागतो.

प्रतिपिंड प्रत्यक्षात करते काय, हे थोडक्यात सांगतो. ते स्वतः सहसा कुणाला मारत नाही. विषाणूची पेशीत शिरण्याची जागा अडवते, विषाला निकामी करते, जिवाणूवर बसून भक्षक पेशीला "हा घे" असे दाखवते, किंवा रक्तातल्या पूरक प्रथिनांना जिवाणूच्या पटलाला भोक पाडायला बोलावते. आयजीए नाक, घसा, आतडे यांच्या ओलसर अस्तरावर पहारा देते आणि आईच्या दुधातून बाळाला मिळते. आयजीजी वारेतून गर्भापर्यंत पोचते. बाळ आईची आयजीजी घेऊन जन्मते, पण तिचे अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे असल्यामुळे सहा महिन्यांत ती बहुतेक संपते.

शरीराला लागणारा हा वेळ काही आजारांत परवडत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याने खोल चावा घेतलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी रेबीजची लस देतात आणि त्याबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडेही टोचतात. "लस दिली आहे ना, मग जखमेत आणखी सुया कशाला?" असे विचारणाऱ्याला सांगावे लागते की लसीमुळे स्वतःची प्रतिपिंडे यायला सात ते चौदा दिवस जातील, तोवर विषाणूला मज्जातंतूत शिरू न देण्याचे काम ही उसनी प्रतिपिंडे करतील. ती पहिल्या दिवशी देता आली नाहीत तर लसीच्या पहिल्या मात्रेपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतात. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची निर्मिती सुरू झालेली असते आणि उसनी प्रतिपिंडे तिच्यात अडथळा आणू शकतात. उसन्या प्रतिपिंडांची ही कल्पना एमिल फॉन बेरिंग आणि किटासातो शिबासाबुरो यांची. त्यांनी 1890 मध्ये दाखवले की धनुर्वात किंवा घटसर्प यांना रोधक झालेल्या प्राण्याचे रक्तजल दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकते. प्रतिपिंड म्हणजे नेमके काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

धनुर्वाताचा आणखी एक चमत्कारिक भाग आहे. त्यातून वाचलेल्या रुग्णालाही लस द्यावीच लागते. हे विष इतके जहाल आहे की माणसाला मरणाच्या दारात नेणारी त्याची मात्रासुद्धा बी-पेशींना जाग आणण्याइतकी नसते.

शेवटी स्मृतीबद्दल, कारण "अँटिबॉडी कमी झाल्या म्हणजे संरक्षण गेले का?" हा प्रश्न पाठोपाठ येतोच. जनन केंद्रातून दोन प्रकारच्या पेशी दीर्घकाळासाठी बाहेर पडतात. एक, अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षे प्रतिपिंड गाळत बसणाऱ्या प्लाझ्मा पेशी. दोन, स्मृतिपेशी, ज्या काहीच गाळत नाहीत, फक्त फिरत राहतात. ही व्यवस्था किती टिकते याचा जुना दाखला उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांचा आहे. तिथे 1781 नंतर गोवर आला नव्हता. 1846 मध्ये तो पुन्हा आला तेव्हा पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंदवले की 65 वर्षांपूर्वी गोवर येऊन गेलेल्या वृद्धांपैकी त्याने चौकशी केलेल्या एकालाही तो पुन्हा झाला नाही. 1918 च्या इन्फ्लुएंझातून वाचलेल्यांच्या रक्तात नव्वद वर्षांनीही त्या विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली, हे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र रक्तातली पातळी घसरली आणि फक्त स्मृतिपेशी उरल्या, तर संरक्षण आहे की नाही हे पुन्हा वेळेच्या हिशेबावर ठरते. दुसऱ्या खेपेला शोधाचा वेळ वाचतो, कारण बसणाऱ्या पेशी आता पुष्कळ असतात आणि त्यांची पकड आधीच घट्ट झालेली असते. तरीही प्रतिपिंडे पुरेशी वाढायला चार-पाच दिवस लागतात. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत दीड ते सहा महिने घेतो. म्हणून लसीच्या तीन मात्रांनंतर ज्याची पातळी 10 एककांच्या वर गेल्याची नोंद आहे, अशा निरोगी माणसाची पातळी पुढे त्याखाली उतरली तरी सहसा आम्ही चिंता करत नाही. स्मृतिपेशींना काम करायला पुरेसा अवधी आहे. मेनिंगोकोकस हा मेंदूज्वराचा जिवाणू मात्र घशात शिरल्यापासून तीन-चार दिवसांत रक्तात उतरू शकतो. स्मृतिपेशी तिथे जाग्या होतातही, पण त्यांची प्रतिपिंडे पोचेपर्यंत रुग्ण अतिदक्षता विभागात असतो. त्या आजारात जिवाणू येईल त्या क्षणी प्रतिपिंड रक्तात हजर असावे लागते, आणि म्हणूनच ज्यांचा धोका कायम आहे अशांना त्या लसीची पूरक मात्रा ठरावीक वर्षांनी पुन्हा देतात.